‘माफ केलं’ म्हणाला खरा, पण त्यानंतर तो यायचाच बंद झाला

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढलंय, काही तपशील बदललेत):

एक ताई दोन वर्षं दर रविवारी १३ ते १७ वयाच्या मुलामुलींसाठी अहिंसा, क्षमा आणि रिस्टोरेटिव्ह जस्टिस (शिक्षेपेक्षा झालेली इजा भरून काढण्यावर भर देणारा न्याय) या विषयांवर सेशन घेतात. व्हॉलंटियर म्हणून, मानधन वगैरे नाही. चार महिन्यांपूर्वी सेशन सुटल्यावर जिन्यात १६ वर्षांच्या एका मुलाने १४ वर्षांच्या मुलाला मारलं, त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो मुलांच्या ग्रुपवर फिरला. पुढच्या रविवारी ताईंनी सगळ्या १८ जणांना गोल बसवून सर्कल घेतलं, म्हणजे घडलेल्या गोष्टीवर सगळ्यांसमोर बोलायची बैठक. मोठा रडला, सॉरी म्हणाला. ताईंनी छोट्याला विचारलं, "मग, माफ करतोस ना त्याला?" तो "हो" म्हणाला. मिठी, टाळ्या, फोटो. फोटो नोटीस बोर्डवर लागला. त्यानंतर छोटा दोनदा आला आणि मग थांबला. ताईंनी फोन केला तर त्याची आई म्हणाली, "त्याच्याकडून ते हो तुम्ही काढून घेतलंत." मोठा मात्र नियमित येतो, ‘किती बदलला’ म्हणून त्याचं कौतुक होतं. आता कमिटीला २ ऑक्टोबरच्या कार्यक्रमात दोघांना स्टेजवर आणायचंय. सोबतचा व्हॉलंटियर म्हणतो हे सगळे गुन्हेगारांचे लाड आहेत, मोठ्याला काढून टाका. ताईंचे प्रश्न तीन: छोट्याच्या मनातला राग जावा आणि त्याने मनापासून माफ करावं म्हणून मी काय करू? कमिटीला काय सांगू? आणि हा विषय शिकवायची माझी लायकी आहे का?

ताई,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सहज मोजलं, ‘माफ’ आणि ‘क्षमा’ मिळून एकोणीस वेळा आलंय आणि ‘दात’ एकदा. चार महिने झाले ना आता, मग त्या दाताचं पुढे काय झालं? डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं, बिल कुणी भरलं, गार पाणी लागलं की ठणकतो का अजून, हसताना तो तोंडावर हात घेतो का, यातलं काहीच पत्रात नाही. टोमणा मारत नाहीये, खरंच. क्षमा हा विषयच इतका मोठा आणि उजळ आहे की त्याच्या शेजारी पडलेला दाताचा तुकडा कुणाला दिसत नाही.

मी पण हे केलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑफिसातल्या दोन बायकांमध्ये मी मध्यस्थी करत होते, एकीने दुसरीबद्दल खोटं पसरवलं होतं आणि त्यापायी दुसरीची बढती गेली होती. दोन तासांनी ती दुसरी म्हणाली, ठीक आहे, माफ केलं, मी खूश, घरी जाताना हवेत होते. वर्षभराने ती भेटली तेव्हा म्हणाली, "तुम्ही सारखं घड्याळाकडे बघत होतात, आणि तिथून सुटायचा सगळ्यात जवळचा रस्ता हो म्हणणं हाच होता." तेव्हापासून मी खोलीतलं घड्याळ माझ्या पाठीमागे ठेवते, पण ते जाऊदे, तो नंतरचा शहाणपणा.

तुमच्या पहिल्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलीये की या सगळ्याचं शेवटचं स्टेशन क्षमा आहे आणि गाडी तिथे पोचली नाही म्हणजे सगळं फसलं. मला वाटतं गडबड इथेच आहे, कारण अहिंसा, क्षमा आणि रिस्टोरेटिव्ह जस्टिस हे तुम्ही एकाच विषयाचे तीन धडे असल्यासारखे शिकवताय आणि ते तसे नाहीत. त्यातलं रिस्टोरेटिव्ह जस्टिस, मी त्याला सांधणारा न्याय म्हणते, हे तर क्षमा मागतच नाही कुणाकडे.

आजच्या रिस्टोरेटिव्ह जस्टिसची गोष्ट सांगताना बहुतेक लोक सुरुवात करतात ती कॅनडातल्या एल्मायरा नावाच्या छोट्या गावापासून. १९७४ मध्ये तिथे दोन तरुण पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. मार्क यांत्झी नावाचा प्रोबेशन ऑफिसर होता, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा, त्याने न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांनी त्या लोकांना जाऊन भेटावं. न्यायाधीश आधी तयार नव्हते, मग त्यांनी तसाच आदेश दिला. दोघं दारोदार गेले, लोकांनी काय भोगलं ते ऐकलं, किती नुकसान झालं ते लिहून घेतलं आणि पुढच्या काही महिन्यांत भरपाई देऊन टाकली. आता यात बघा काय आहे: दार वाजवणं, ऐकणं, हिशोब, भरपाई. त्या घरांपैकी कुणी त्यांना मनातून माफ केलं असेल, कुणी नसेल, पण प्रक्रिया त्यावर अडून बसली नव्हती. हॉवर्ड झेर या अभ्यासकाने पुढे १९९० च्या सुमारास हीच गोष्ट प्रश्नांच्या रूपात मांडली, साधारण अशी की कुणाला इजा झाली, त्यांना आता कशाची गरज आहे, आणि ती पुरी करायची जबाबदारी कुणाची. तुमच्या सर्कलमध्ये यातला एकही प्रश्न विचारला गेला नाही, विचारला गेला तो फक्त "माफ करतोस ना?" आणि त्यातलं ते ‘ना’! ‘करतोस का’ आणि ‘करतोस ना’ यात जेवढं अंतर आहे तेवढी मोकळीक त्या पोराला मिळायला हवी होती.

यात आपली भाषाही थोडी गोत्यात आणते. मराठीत ‘माफी’ हा एकच शब्द सगळीकडे राबतो. चूक करणारा माफी मागतो, ज्याला लागलं तो माफी देतो, कैद्याला शिक्षेत माफी मिळते, कर्जमाफी होते, फी माफ होते. म्हणजे कानाला सवय अशी की माफ केलं म्हणजे येणं संपलं, पाटी कोरी. तुम्ही कदाचित "मनातलं ओझं उतरव" एवढंच म्हणत असाल पण १४ वर्षांच्या मुलाला ऐकू आलं असेल की आता दाताबद्दल बोलायचं नाही. आणि त्याच्या आईलाही तेच ऐकू आलं असणार, बिलाचा विषय काढायची सोय राहिली नाही ना मग!

साऊथ आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचं उदाहरण तुम्ही सेशनमध्ये देता असं लिहिलंय. चांगलं आहे, पण ते पूर्ण द्या. १९९६ मध्ये सुनावण्या सुरू झाल्या, अध्यक्ष डेस्मंड टूटू, ते धर्मगुरू, त्यामुळे क्षमेची भाषा तिथे फार होती. पण ज्यांनी अत्याचार केले त्यांना कायद्यातून सूट मिळायची अट होती ती राजकीय हेतूने केलेल्या कृत्याचं पूर्ण सत्य सांगण्याची, पश्चात्ताप दाखवायची सक्ती नव्हती. आणि वर्णभेदाविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको, जो १९७७ मध्ये पोलीस कस्टडीत झालेल्या मारहाणीने मेला, त्याच्या घरच्यांना ही सूटच मान्य नव्हती, ते इतर काही कुटुंबांबरोबर तिथल्या संविधान न्यायालयात गेले. खटला हरले, पण त्यांचं "नाही" तेवढंच खरं होतं. शिवाय पीडितांना मुख्य भरपाई मिळायला २००३ उजाडलं, तीही आयोगाने सुचवलेल्यापेक्षा बरीच कमी, एकदाच ३०,००० रँड. क्षमेचं कौतुक लगेच जगभर झालं आणि भरपाई रांगेत उभी राहिली. तुमच्या जिन्याच्या गोष्टीत आणि त्या देशाच्या गोष्टीत लाख फरक आहे हे मला कळतं, पण कौतुक आधी आणि दाताचं बिल नंतर हा क्रम तोच आहे.

आता त्या आईचं वाक्य. तुम्ही ते आरोप म्हणून लिहिलंय, मला ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात जाणतं वाक्य वाटलं. नील्स क्रिस्ती नावाच्या नॉर्वेजियन गुन्हेशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एक विचार मांडला होता की भांडण ही त्या माणसांची मालमत्ता असते आणि वकील, न्यायाधीश, तज्ज्ञ मंडळी ती त्यांच्याकडून पळवतात. मग त्या दोघांकडे आपल्याच भांडणाबद्दल बोलायला काही उरत नाही. सांधणाऱ्या न्यायाची बरीच माणसं हा विचार डोक्यावर घेतात, फक्त एक विसरतात की पळवणारा कोट घातलेला वकीलच असेल असं नाही, गोल बसवून प्रेमाने बोलणारी ताईसुद्धा असू शकते. त्या रविवारी ते भांडण त्या दोघांचं राहिलं नाही, ते तुमच्या विषयाचं उदाहरण झालं.

म्हणून मला तुमच्या पत्रात घटना एक नाही, दोन दिसतात. जिन्यात घडली ती मोठ्या मुलाने केली. सर्कलमध्ये घडली ती तुम्ही केलीत. वाईट वाटेल वाचून, पण मला वाटतं यातूनच वाट निघते, कारण मग तुम्हाला छोट्याला काही शिकवायचं उरत नाही, तुम्हाला फक्त जे शिकवता ते स्वतः करायचं उरतं.

कसं? आधी त्याच्या आईला मेसेज करा, फोन नको, फोनवर माणसाला लगेच उत्तर द्यावं लागतं. "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला उत्तर द्यायला भाग पाडलं, ते चुकीचं केलं. तुम्हाला आणि त्याला चालणार असेल तर मी येऊन ऐकायला तयार आहे. नको असेल तरी चालेल, मी परत विचारणार नाही." एवढं पुरे. यात ‘केलं’ आहे हे बघा. आपण सगळे ‘झालं’ म्हणण्यात पटाईत, माझ्याकडून चूक झाली, हात उठला, तोंडातून निघून गेलं, जसं काही हात आणि तोंड आपल्या परवानगीशिवाय फिरत होते. ‘चूक झाली’ पाऊस पडल्यासारखं वाक्य आहे, त्यात कर्ताच नाही. आणि "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे तर त्याहून वाईट, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्यात ढकलली जाते. मुलांचं एक अख्खं सेशन या ‘झालं’ आणि ‘केलं’वर घ्या, मी घेतलंय, पोरं हसतात आधी आणि मग गप्प होतात.

त्यांनी बोलावलं तर एकट्या जा. मोठ्या मुलाला बरोबर न्यायचं नाही, त्याची चिठ्ठीही न्यायची नाही. तिथे ऐका. मुलगा काहीच बोलला नाही तर नाही बोलला. तुमचा हेतू काय होता ते सांगायची फार इच्छा होईल, ती दाबा, हेतू चांगला होता हे त्यांना माहितीये आणि त्याने दात उगवत नाही. मग विचारा की आता काय केलं तर बरं होईल. उत्तरं बहुतेक अगदी साधी येतात, फोटो काढा, तो व्हिडिओ बंद करा, बिलाचं कुणीतरी बघा, तो रविवारी येतो तर मी कसा येऊ. जे जमेल त्याला तारीख द्या, जे जमणार नाही ते तिथेच सांगा. आणि निघताना "मला माफ केलंस ना" असं मात्र... कळलं ना!

दात तुटणं ही तशी किरकोळ मारामारी नव्हे, हेही सांगून ठेवते. पोलिसात जायचं की नाही, खर्च मागायचा की नाही, हा त्या घराचा हक्क आहे आणि सर्कल झालं म्हणून तो हक्क संपलेला नाही. कायदा जागोजागी वेगळा असतो, दोघंही अल्पवयीन आहेत, तेव्हा त्यांना सल्ला हवा असेल तर वकिलाकडे जाऊद्या. तुम्ही त्यांना त्यापासून परावृत्त करायचं नाही, "आपण आपसात मिटवलंय ना" हे वाक्य तर तोंडातूनच काढू नका.

छोट्याच्या रागाबद्दल. तुम्हाला भीती आहे की हा राग त्याला आतून पोखरेल. मनात वर्षानुवर्षं कढ ठेवणं तब्येतीला बरं नसतं हे खरं आहे आणि क्षमेवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ त्यावर गंभीरपणे लिहितात, पण तेच लोक हेही बजावतात की क्षमा म्हणजे विसरणं नाही, समर्थन नाही, परत मैत्री करणं नाही, आणि ती ठरवणं वेगळं आणि मनात उतरणं वेगळं, मनात उतरायला वेळ लागतो. चार महिने म्हणजे काहीच नाही हो. आणि खरं सांगू का, मला तर त्या पोराचं न येणं हे तुमच्या वर्गातलं सगळ्यात अहिंसक वागणं वाटतं. त्याने उलटून मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, व्हिडिओ काढणाऱ्याचा सूड घेतला नाही, त्याला जे मान्य नव्हतं तिथून तो शांतपणे उठून गेला. असहकार म्हणतात त्याला, तुम्हीच शिकवला असेल! अहिंसा म्हणजे राग नसणं असं समजू नका. गांधींनी १९२० मध्येच लिहिलंय की भ्याडपणा आणि हिंसा यातलंच एक निवडायची वेळ आली तर मी हिंसा निवडा म्हणेन. ते हिंसेचं कौतुक नव्हतं, गप्प बसून सोसण्याला अहिंसा म्हणू नका एवढाच त्याचा अर्थ. आणि आपल्याकडे गप्प बस हे सांगायला म्हणींची काही कमी नाही, झालं गेलं गंगेला मिळालं, मन मोठं कर (हे नेहमी जो लहान असतो त्यालाच का सांगतात देव जाणे), आणि ती एका हाताने टाळी वाजत नाहीवाली. टाळी नसेल वाजत एका हाताने, थोबाडीत मात्र एकाच हाताने वाजते.

मोठ्या मुलाकडे वळते कारण त्याचं पण तुम्ही नुकसान करताय, फक्त ते कौतुकाच्या रूपात असल्यामुळे दिसत नाही. त्याला काढून टाकू नका. पण त्याला ‘बदललेला मुलगा’ही करू नका, कारण १६ वर्षांचं पोर आहे ते, रडलं म्हणजे बदललं असं नसतं, उद्या त्याला परत राग आला तर त्याच्याकडे लपवण्याशिवाय पर्याय राहणार नाही, एवढं मोठं सर्टिफिकेट मिळाल्यावर तो "ताई मला अजून राग येतो" असं कुठल्या तोंडाने सांगणार. त्याच्याशी एकटं बसून बोला. काय घडलं, तेव्हा डोक्यात काय होतं, नंतर काय वाटलं, कुणाकुणावर परिणाम झाला, आता तू काय करणार. शेवटच्या प्रश्नावर थांबा बराच वेळ. त्याचे आईवडील बोलावून दाताच्या खर्चाचं विचारा, छोट्याच्या घरची हरकत नसेल तर. पूर्ण नाही जमला तर हप्त्याने, मुलाने स्वतः त्यातला काही भार उचलला तर फारच चांगलं. आणि छोट्याला परत यायची इच्छा असेल तर वेळ मोठ्याने बदलायची, छोट्याने नाही. हे त्याला शिक्षा म्हणून सांगायचं नाही, जागा अडवून बसलेल्याने सरकायचं असतं एवढंच.

न्यूझीलंडमध्ये १९८९ पासून किशोरवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबांची बैठक घ्यायची पद्धत कायद्यातच आहे, तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या कुटुंबाकडे बघण्याच्या दृष्टीचा त्यात मोठा वाटा. तिथे पीडित व्यक्ती स्वतः येऊ शकते किंवा आपल्या वतीने कुणाला पाठवू शकते किंवा येतच नाही. समोरासमोर बसणं ही गोष्ट आपण फार पवित्र करून ठेवलीये. पत्र चालतं, मधला माणूस चालतो, नुसता पोचवलेला निरोपही चालतो. आणि काही ठिकाणी समोरासमोर बसवायचंच नाही, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, जिथे एकाची दुसऱ्यावर अजून दहशत आहे तिथे उत्साही व्हॉलंटियरने सर्कल घेणं म्हणजे त्या माणसाला परत त्याच जिन्यात उभं करणं. तिथे आधी सुरक्षितता आणि त्यातली अनुभवी माणसं. हे मी इतर वाचकांसाठी मुद्दाम लिहितेय, मला अशी पत्रं येतात.

आणि ती बाकीची मुलं! व्हिडिओ कुणी काढला, किती जणांनी पुढे पाठवला, जिन्यात उभं राहून कोण बघत होतं? तुमच्या सर्कलमध्ये ही सगळी प्रेक्षक होती, टाळ्या त्यांनीच वाजवल्या. माझ्या मते पुढच्या दोन-तीन रविवारांचा विषय हाच, पण त्या दोघांची नावं न घेता. छोट्याच्या घरचं म्हणणं आधी ऐका, मग मुलांना सांगा की असे व्हिडिओ आपापल्या फोनमधून, ग्रुपमधून, बॅकअपमधून काढा. मारामारी एक मिनिट चालली असेल, व्हिडिओ चार महिने चाललाय.

तुमच्या सोबतच्या व्हॉलंटियरला उडवून लावू नका. लाड होतायत हा त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, रडणं आणि मिठी यावर कुणी सुटत असेल तर ते लाडच. फक्त औषध त्यांनी चुकीचं सांगितलंय. लॉरेन्स शेरमन, हीदर स्ट्रँग वगैरे गुन्हेशास्त्रज्ञ मंडळींनी २०१३ मध्ये अशा समोरासमोरच्या बैठकांच्या १० प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, कुणाची बैठक होणार ते नशिबावर सोडलेले शिस्तशीर प्रयोग होते, त्यात परत गुन्हा करण्याचं प्रमाण थोडं कमी झालं आणि पीडितांना जास्त समाधान मिळालं. पण त्यात केसेस अशाच होत्या जिथे दोन्ही बाजूंनी आधीच, मोकळेपणी, यायला होकार दिला होता. तो होकार तुमच्याकडे नव्हता. आणि अमेरिकेत पिट्सबर्गच्या ४४ शाळांमध्ये सांधणाऱ्या न्यायाचा दोन वर्षं जो अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, त्यात सस्पेन्शनचे दिवस घटले, शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारलं असं वाटलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे मार्क उलट घसरले. मोठ्यांना छान वाटलं म्हणजे मुलांचं छान चाललंय असं नाही, हे मला त्या अभ्यासातून कळलं, आणि तुमच्या त्या टाळ्यांवरूनही.

कमिटीला काय सांगायचं, तर नाही. त्याला ‘बघू’ किंवा ‘मुलांना विचारते’ म्हणू नका, मुलांना विचारूच नका, विचारणं हाच दबाव आहे, परत एक ‘हो’ काढून घ्याल. २ ऑक्टोबर संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये जागतिक अहिंसा दिवस ठरवला, त्या दिवशी एका मुलाला त्याच्या मार खाण्याबद्दल स्टेजवर उभं करायचं हे फार विचित्र होईल ना. असं लिहा: "ही मुलांची खाजगी बाब आहे, ती कार्यक्रमात येणार नाही. त्याऐवजी मी १५ मिनिटं आपण सर्कल घेताना काय चुका करतो यावर बोलेन, कुणाची ओळख न देता." तेही छोट्याच्या घरच्यांना विचारून, कारण छोट्या वस्तीत ओळख न देता वगैरे काही नसतं, सगळ्यांना कळतं. ते नको म्हणाले तर भलत्याच विषयावर बोला, एल्मायराची गोष्ट सांगा.

पुढच्या सेशन्ससाठी माझी सुचवणी आहे की क्षमा हा विषय सगळ्यात शेवटी घ्या आणि ऐच्छिक ठेवा. आधी ऐकणं, मग इजा ओळखणं, मग ‘मी केलं’ म्हणायला शिकणं, मग भरपाई कशी करायची. रोलप्ले करता ना तुम्ही, तर त्यात असा एक करा जिथे माफी मागितल्यावर समोरचा "नाही" म्हणतो आणि मागणाऱ्याने ते ऐकून "ठीक आहे, तरी मी भरून देणार" म्हणायचं असतं. फार अवघड जातं मुलांना, मोठ्यांना त्याहून. सर्कल घेण्याआधी प्रत्येकाला वेगळं भेटायचं, एकदा तरी, आणि येणार नाही म्हणायची खरीखुरी मुभा द्यायची. जेवढे लोक लागतात तेवढेच, १८ जण कशाला? उठून जायची खूण आधी ठरवायची. टाळ्या नाहीत, फोन बाहेर. आणि महिन्याभराने परत विचारायचं, ठरलेलं झालं का, कारण खरं काय ते तेव्हा कळतं, त्या दिवशी नाही.

लायकीचं विचारलंत. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरी चौऱ्याला जमावाने पोलीस चौकी पेटवली, आतले पोलीस मेले, गांधी तिथे नव्हतेही, तरी त्यांनी सत्याग्रहाचा पुढचा बेत मागे घेतला, आपलेच लोक चिडले तरी, आणि पाच दिवस उपास केला. तुम्ही उपास वगैरे काही करू नका, स्वतःच्या पश्चात्तापाचा सोहळा केला की परत सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर आणि छोट्यावर तुम्हाला सोडवायचा भार. पण आपण शिकवलं त्यातून काय निघालं याची जबाबदारी आपली, आणि त्यासाठी चालू गाडी थांबवता येते, एवढं त्यातून घ्या. दोन-तीन रविवार सेशन बंद ठेवा हवं तर, मुलांना खरं कारण सांगा, "माझ्या पद्धतीत चूक होती, मी दुरुस्त करतेय." चूक कबूल करणारी शिक्षिका त्यांनी बहुतेक पाहिलीच नसेल.

आणि तो फोटो. आज संध्याकाळीच बोर्डवरून काढा, ग्रुपमधून काढा, कमिटीच्या कुणी पोस्ट केला असेल तर त्यांना काढायला लावा. मग त्याच्या आईला मेसेज करा. उलट क्रमाने करू नका, कारण छोटा सगळ्यात आधी हेच विचारेल की फोटो अजून आहे का तिथे.